जावईबापूंची समकक्षता

माझी मास्टर्सची पदवी कॅनडाला गेली आणि बॅचलर होऊन परत आली. परदेशी गेल्यावर आपलं लग्न झालंय हे विसरणारे आमच्या गावात दोघे-तिघे निघालेत. पण पदवीसुद्धा असले धंदे करील असं मला वाटलं नव्हतं.

पाठवायची गरज होती का? मुळीच नव्हती. मी ओनेसिमो तेरुएल, फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतातल्या एका हायस्कूलचा निवृत्त मुख्याध्यापक. मला काही कॅनडात नोकरी करायची नव्हती. आमची मुलगी लुवी तिकडे नर्स आहे. तिनं स्वतःची कागदपत्रं तिथल्या कुठल्याशा कचेरीतून तपासून घेतली होती, म्हणून मीही माझी धाडली. एवढंच हवं होतं की परदेशी लोकांनीही आपल्या पदवीला मान डोलावल्याचा कागद यावा, तो फ्रेम करावा आणि बैठकीत, बाळ येशूच्या मूर्तीपासून अदबीच्या अंतरावर टांगावा. माणसाची याहून साधी इच्छा काय असणार?

पाकीट आलं तेव्हा शेजाऱ्यांना मीच बोलावलं. हे विसरून चालणार नाही. पुरीतानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मोलोचं, म्हणजे मांसाच्या पुरचुंड्यांचं, सूप केलं होतं. शेजारचे नोंग दिमास आले. यांनी एका कॉलेजच्या रजिस्ट्रार कचेरीत उभा जन्म काढला. अजूनही कुणाचं बारसं असलं तरी ते आधी कागदपत्रं बघतात. समोरच्या दुकानवाल्या नांग मिलिंग आल्या. (नोंग म्हणजे आमच्याकडे दादा, नांग म्हणजे ताई.) दुकान उघडं टाकून आल्या, म्हणजे प्रसंगाचं गांभीर्य त्यांनाही कळलेलं होतं. मी प्रार्थनेच्या वेळी काढायचो त्या आवाजात वाचायला सुरुवात केली आणि "...सदर पदवी ही तीन वर्षांच्या बॅचलर पदवीच्या समकक्ष मानण्यात येत आहे" इथपर्यंत येऊन थांबलो. सूप ओरपल्याचे आवाजही थांबले.

"म्हणजे सर," नांग मिलिंगनी विचारलं, "तुम्ही पास झालात की नापास?"

नोंग दिमासनी कागद उजेडात धरला. "सोपं आहे. आपल्या वेळी शाळा दहा वर्षांची. त्यांची बारा. खालून दोन वर्षं कमी पडली, ती त्यांनी वरून कापली." शिंपी उरलेल्या कापडाबद्दल बोलतो तसं ते बोलत होते.

"एवढंच ना?" नांग मिलिंग म्हणाल्या. "हल्ली आपल्याकडेही बारा झालीत की. शाळा समोर आहे. अकरावी-बारावी करून टाका. डबा मी देत जाईन."

सगळे हसले. मीही हसलो. शाळेच्या संमेलनात विद्यार्थी मुख्याध्यापकांची नक्कल करतात तेव्हा मुख्याध्यापक हसतात, तसा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. नुसती चौकशी करायला. हे मी पुरीतालाही असंच सांगितलं आणि तिनं फक्त "हं" म्हटलं. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि नियमावली उघडली.

"वयाची अट नाही, सर. फक्त दहावी पूर्ण केल्याचा दाखला लागेल."

"अहो बाई, मी मास्टर्स आहे."

"हो सर. पण दहावी?"

आता आमच्या काळात शेवटच्या वर्गाला दहावी म्हणतच नसत. हायस्कूलचं चौथं वर्ष म्हणत. तेव्हा दहावीचा दाखला माझ्याकडे असणं शक्यच नव्हतं. बाईंनी नियम पुन्हा वाचला. "म्हणजे सर, तांत्रिकदृष्ट्या तुम्ही..." आणि त्या थांबल्या. कुठे थांबावं हे ज्याला कळतं तो चांगला विद्यार्थी. मीच शिकवलं होतं. पण मी चौक ओलांडून घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मासळीवाली म्हणाली, "सर, अ‍ॅडमिशन मिळाली का?"

आणि अशा मंगल मुहूर्तावर लुवी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन घरी आली.

डंकन हा सव्वासहा फुटी, तांबड्या केसांचा, अत्यंत सालस मुलगा. आमच्या दारातून आत येताना वाकायला विसरला, कपाळ आपटलं आणि दारालाच "सॉरी" म्हणाला. लुवीच्या फोनवरून त्यानं आमच्या भाषेचा एक शब्द उचलला होता: इंदाय. आम्ही लुवीला लाडानं तशी हाक मारतो, मुलींना म्हणतातच. त्याला वाटलं हे आदरार्थी आहे. त्यानं पुरीताला इंदाय म्हटलं, ती लाजली. मग मला म्हटलं. मग नोंग दिमासपुढे झुकून "कसे आहात, इंदाय?" म्हणाला. दिमास सत्तरी ओलांडलेले, मिशा राखून असलेले गृहस्थ. त्यांनी ते मनात ठेवलं असावं, असं पुढच्या घटनांवरून वाटतं.

लग्न आमच्या चर्चमध्ये, येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी ठरलं होतं. जेवताना विषय अर्थातच पाकिटाचा निघाला.

"तातय, तो नुसता कागद आहे," लुवी म्हणाली. वडिलांना आमच्याकडे तातय म्हणतात. "माझीही वर्षं कापली होती. मी पुन्हा परीक्षा दिली, संपलं. रडत बसले का?"

"तुझं वेगळं आहे. तू तरुण आहेस. तुझ्याकडे वर्षं शिल्लक आहेत."

नोंग दिमासनी आंब्याची कोय बाजूला ठेवली. "सर, त्यांनी तुमची पदवी त्यांच्या मापानं मोजली ना? मग आपण त्यांची आपल्या मापानं मोजू. नमुना समोरच बसलाय."

नमुना आंबा खात होता. त्यानं मान वर केली आणि हसला. हनुवटीवर रस ओघळत होता.

मी नको म्हणायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूनं काहीतरी बोललं होतं.

समितीची बैठक आमच्या ओसरीवर भरली. अध्यक्ष मी, सचिव नोंग दिमास. नांग मिलिंगना कुणी नेमलं नव्हतं, पण खुर्ची त्यांच्या दुकानातली होती. डंकननं फोनवर आपली गुणपत्रिका काढून दिली. भूगोलाचा पदवीधर, गावच्या पाणीपुरवठ्यात नोकरी.

"राष्ट्रवीराचं चरित्र आणि कार्य," नोंग दिमासनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत विचारलं. "तीन युनिट. झालंय?"

"कोणाचं?"

"आमच्या! चौकात ज्यांचा पुतळा आहे त्यांचं. इथे कायदाच आहे. डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो, हा विषय केल्याशिवाय कॉलेज कुणाला सोडत नाही."

"मी काल त्या पुतळ्याजवळ उभी राहून फोटो काढलाय त्याचा," लुवी म्हणाली.

"फोटोला युनिट नाहीत. पुढे. शारीरिक शिक्षण, चार सत्रं?"

"मी बर्फावर हॉकी खेळतो," डंकन उत्साहानं म्हणाला.

"बर्फ?" नांग मिलिंगना खरोखरच काळजी वाटली. "बर्फ इथे फक्त सरबतात असतो, बाळा. लोकनृत्य येतं का?"

"नाही."

"राष्ट्रसेवा प्रशिक्षण? झाडं लावणं, किनारा झाडणं?"

"नाही."

नोंग दिमासनी बेरीज केली, वजाबाकी केली आणि वहीचं पान माझ्याकडे सरकवलं. मी घसा साफ केला. "समितीच्या मते सदर उमेदवाराचं शिक्षण आमच्या देशातील कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या समकक्ष मानण्यात येत आहे." खोटं कशाला बोलू, वाक्य तोंडातून बाहेर पडताना फार गोड लागलं.

लुवीचे ओठ आवळले गेले. "तातय, तुम्ही त्या कचेरीचा राग याच्यावर काढताय."

"अहो, जावई आहे तो," पुरीता आतून म्हणाली. "परीक्षेला बसलेलं कार्टं नव्हे."

तेवढ्यात डंकन म्हणाला, "बरोबर आहे. राहिलेले विषय कुठे करायचे? आणि वर्ग कधी सुरू होतात?"

समितीनं एकमेकांकडे पाहिलं. त्या कॅनेडियन कचेरीला मी हा प्रश्न का विचारला नव्हता, कोण जाणे. आमची तर काहीच तयारी नव्हती.

"उद्या सकाळी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तर अशा रीतीनं मी पुन्हा शिकवायला लागलो. वर्ग चौकात, पुतळ्याखाली. विद्यार्थी एक, पण बघे पुष्कळ. आणि तुम्हाला सांगतो, दाढी करताना मी शिट्टी वाजवतोय हे मला पुरीतानं सांगितलं तेव्हा कळलं. विद्यार्थी चांगला होता. प्रश्न विचारायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "राष्ट्रवीर वैद्यकी शिकायला मनिलाहून स्पेनला गेले. मग स्पेनवाल्यांनी त्यांची मनिलातली वर्षं धरली की कापली?"

मला उत्तर येत नव्हतं. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो प्रश्नाचा गृहपाठ करतो. "छान प्रश्न. उद्या तूच सांग," मी म्हणालो. पण बघ्यांमध्ये दोन तट पडले. 'धरली'वाले आणि 'कापली'वाले संध्याकाळपर्यंत भांडत होते, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला लग्नाचं जेवण होईपर्यंत न बोलण्याची शपथ घातली.

राष्ट्रसेवेसाठी खाजणात खारफुटीची रोपं लावायचं ठरलं. त्याला परवानगी लागते. कचेरीतल्या माणसाकडे फक्त खारफुटी तोडायच्या परवानगीचा अर्ज होता. लावायला कधी कुणी आलंच नव्हतं. शेवटी 'तोडणे' खोडून 'लावणे' लिहिलं आणि खोडल्याबद्दल वेगळा अर्ज जोडला. डंकननं रोपं झकास लावली, पण त्याचं वजन आमच्या चिखलाच्या अंदाजाबाहेरचं होतं. तो गुडघ्यापर्यंत गेला, मग मांडीपर्यंत. त्याला काढायला गेलेले नोंग दिमास कमरेपर्यंत गेले, कारण ते मुळात बुटके.

"काळजी करू नका, इंदाय, मी धरलंय," डंकन त्यांना म्हणाला. दोघांना एका होडीवाल्यानं दोर टाकून ओढून काढलं. बूट खाजणातच राहिले. नोंग दिमासनी घरी येऊन, अंग न धुता, वहीत 'राष्ट्रसेवा : उत्तीर्ण' असं लिहिलं. पानावर अजून चिखल आहे.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना घोडं अडलं ते नगरपालिकेत.

लग्नाच्या परवान्याआधी आमच्याकडे दोघांचं समुपदेशन करतात. तिथे एक फॉर्म भरायचा असतो. 'शिक्षण' या रकान्यात या हरिश्चंद्राच्या अवतारानं लिहिलं : 'कॉलेज, अपूर्ण'. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग शिक्षण अर्धवट सोडणारे नवरे, त्यांचा न्यूनगंड, त्यातून येणारं दारूचं व्यसन आणि शिकलेल्या बायकोचे हाल, यावर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं. डंकननं ते लक्षपूर्वक ऐकलं आणि टिपणंही काढली. शेवटी बाईंच्या लक्षात आलं की दूतावासासाठी केलेल्या प्रतिज्ञापत्रात हाच माणूस 'पदवीधर' आहे.

"विसंगती," बाई म्हणाल्या आणि प्रमाणपत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

लुवी घरी आली ती तापलेल्या तव्यासारखी. "रकाना बदल म्हटलं तर म्हणतो, समितीनं अजून पास केलं नाही, खोटं कसं लिहू! तातय, शनिवारच्या आत हा पदवीधर झाला नाही, तर आम्ही परत जाऊन तिकडे कोर्टात लग्न करू. तिकडे तो पदवीधरच आहे!"

ती थट्टा करत नव्हती. डोळ्यांत पाणी होतं. पुरीतानं माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणजे आमच्या घरी ती मांजराशी बोलते. "मने," ती म्हणाली, "एकुलती एक मुलगी. आणि हे बसलेत युनिटं मोजत."

मी फाइल काखेत मारून नगरपालिकेत गेलो.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं. त्या परगावच्या; माझ्या हाताखालून न गेलेल्या. अशी माणसं फार अवघड असतात.

"समकक्षता समितीचा अध्यक्ष."

"आपली पात्रता?"

मी अभिमानानं फाइल उघडली आणि घाईत सगळेच कागद टेबलावर सांडले. बाईंनी नेमका कॅनडाचा उचलला. "हे तर म्हणतात, तुम्ही बॅचलर."

"ते तिकडे."

"आणि तुम्ही म्हणता, हे जावई अपूर्ण."

"ते इकडे."

"म्हणजे तुम्ही इकडे मोठे, तिकडे लहान. ते तिकडे मोठे, इकडे लहान. लग्न कुठे आहे?"

"इकडे."

"मग इकडचं पूर्ण करा आणि दाखला आणा. उठावाचा शिक्का हवा. साधा चालणार नाही."

इतकं स्वच्छ मार्गदर्शन मला कुठल्याही कचेरीत मिळालं नव्हतं. आमच्या निवृत्त शिक्षक संघटनेकडे उठावाचा शिक्का आहे. संघटना दरवर्षी वनभोजनाला हजर राहिल्याची प्रमाणपत्रं देते, त्यावर तो मारतात. राहिला होता फक्त एक विषय : शारीरिक शिक्षण.

तो नांग मिलिंगकडे होता. दोन माणसं जमिनीवर बसून दोन लांब बांबू आपटतात, उघडतात, मिटतात, आणि नाचणाऱ्यानं त्यात पाय न सापडू देता पाखरासारखं नाचायचं. नांग मिलिंग या नाचाच्या बाबतीत लष्करी होत्या. "पाखरू! पाखरू व्हा, जावईबापू! शहामृग नव्हे!" परीक्षेच्या दिवशी त्यांचं दुकान बंद होतं आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. डंकन सुंदर नाचला. खरंच सुंदर. शेवटची फेरी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं खुशीत येऊन वाकून नमस्कार केला, आणि बांबूवाल्यांना कुणी थांबा म्हणून सांगितलंच नव्हतं.

घोटा फणसाएवढा सुजला. नांग मिलिंगनी नारळाचं तेल चोळलं, पाला बांधला आणि चोळता चोळता निकाल सांगितला. "पास. नाच संपल्यावर मोडलाय, नाचताना नाही."

आता नुसता दाखला हातात दिला असता तरी चाललं असतं. पण आमच्याकडे बालवाडी संपली तरी मिरवणूक, भाषणं आणि हार असतात. पदवी गुपचूप कशी देणार? शुक्रवारी संध्याकाळी, लग्नाच्या आदल्या दिवशी, गल्लीत मांडव पडलाच होता, त्यातच समारंभ ठरला. पुरीता पुन्हा थेट माझ्याशी बोलू लागली. तिनं तूर, डुक्कर नि फणसाचं कालवण आणि शेवयांचं पातेलं चढवलं. एका नगरसेवकानं स्वतःच्या फोटोचा फलक पाठवला. त्यात डंकनचं नाव चुकलेलं आणि चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. समुपदेशनाच्या बाई स्वतः आल्या, पर्समध्ये प्रमाणपत्र घेऊन. शिक्का डोळ्यांनी पाहिल्याशिवाय द्यायचं नाही, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं.

मी माझा जुना काळा झगा घालून व्यासपीठावर उभा राहिलो. सगळं रीतसर चाललं होतं. नोंग दिमासनी नाव पुकारलं. "डंकन मॅकरे, आणि पालक!"

आणि सगळं थबकलं.

आमच्याकडे पदवी घ्यायला मूल एकटं येत नाही. आई-बाप दोन्ही बाजूंना चालतात, वर येऊन छातीला फीत लावतात. डंकनची आई थंडीच्या वादळात विमानतळावर अडकलेली, ती उद्या सकाळी पोचायची होती. बाप तो लहान असतानाच गेलेला. डंकन मांडवाच्या टोकाला एका पायावर उभा होता, गळ्यात मोगऱ्याचा हार, आणि इकडेतिकडे बघत होता. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. पुरीता एप्रनला हात पुसत त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. डावी बाजू रिकामी होती.

मी आयुष्यभर व्यासपीठावरच उभा होतो. लुवीच्या प्रत्येक समारंभात दाखला देणारा मी आणि तिच्या शेजारून चालणारी तिची आई. मुख्याध्यापकाचं तसंच असतं. ती वाट खालून कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं.

"नोंग दिमास," मी म्हणालो, "दाखला तुम्ही द्या."

मी खाली उतरलो. डंकननं माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याचं वजन चिखलाला पेललं नव्हतं, मला कसं पेलणार? आम्ही तिघं लटपटत निघालो. लोक टाळ्या वाजवत होते. लुवी पहिल्या रांगेत उभी राहून रडत होती आणि तेवढ्यातच आम्हाला फोटोसाठी हळू चालायला सांगत होती. त्याहून हळू चालणं अशक्य होतं.

वर पोचलो. फीत लावायला माझा हात त्याच्या छातीपर्यंत नीट पोचेना, आणि दुखऱ्या पायामुळे त्याला वाकता येईना. नांग मिलिंग दुकानातून सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन धावत आल्या. मी झगा सावरत क्रेटवर चढलो. क्रेट हलला. डंकननं मला दोन्ही हातांनी कमरेला धरलं.

"घाबरू नका, तातय," तो म्हणाला. "सावकाश."

सगळ्यांना इंदाय म्हणणाऱ्या या पोरानं हा शब्द कधी उचलला, मला माहीत नाही. टाचणी दिसेना. दोनदा टोचली, एकदा त्याला, एकदा मला. नोंग दिमास मागून म्हणत होते की डावीकडे लावायची असते. बाई शिक्क्यावरून बोट फिरवून खात्री करत होत्या.

"अहो, झालं का?" पुरीता म्हणाली. "लागली तशी राहू द्या. शेवया गार होताहेत."

फीत तिरकी लागली होती. मी क्रेटवरून उतरायची काही घाई केली नाही.